कॉईल गेली की घालवली? स्वतः बांधलेल्या गाडीतलं इग्निशन तपासताना

थंड असताना गाडी गुळगुळीत चालते. वीस-पंचवीस मिनिटं पळवली, घाट लागला, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की धक्के. मागून एखादा फटाका. चढ संपला की पुन्हा शहाण्यासारखी. घरी येऊन बॉनेट उघडावं तर सगळं जागच्या जागी. हे वर्णन ऐकून गॅरेजमधलं कुणीही सांगेल, ‘मिसिंग मारतेय, कॉईल गेली.’ मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटायचा राहतो, आणि कॉईल म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा भाग. बऱ्याचदा हे निदान खरंही असतं. कंपनीच्या गाडीत मग फार डोकं लावावं लागत नाही. स्कॅनर लावायचा, पी०३०३ कोड आला म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथली कॉईल बदलायची, विषय संपला.

स्वतः बांधलेल्या गाडीत विषय इतक्यात संपत नाही. जुनी जिप्सी घ्या. १९८५ मध्ये ती आली तेव्हा ९७० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, एक कॉईल आणि तिचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा एक डिस्ट्रिब्युटर एवढाच संसार होता. आता तिच्यात कुणी इंजेक्शनवालं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉईल आली, वायरिंग घरच्या घरी झालं आणि सगळ्याचा कारभार बाजारातून आणलेल्या स्टँडअलोन ईसीयूकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या सुट्या कॉम्प्युटरकडे, गेला. (आरटीओची परवानगी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वगैरे कॉईलपेक्षा जास्त तापणारा विषय आहे, तो इथे नको. आणि डिझेलवाल्यांनी लेख इथेच सोडला तरी चालेल, त्यांच्या इंजिनात कॉईलच नसते.) अशा गाडीत कॉईल एकाची, ईसीयू दुसऱ्याचा, रिले (विजेवर चालणारा स्विच) तिसऱ्याचा, आणि ते एकमेकांना मानवतात की नाही हे कुठल्याही कारखान्यात कुणी तपासलेलं नसतं. म्हणून नवी कॉईल टाकली की गाडी सुधारते आणि महिन्याभराने तीही जाते. इथे कॉईल आपणहून क्वचित जाते, तिला काहीतरी घालवतं. ते सापडेपर्यंत नव्या कॉईलचे पैसे पाण्यात.

ठिणगी पडते कशी

कॉईलमध्ये एक लोखंडी गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यात जाड तारेचे थोडे वेढे, दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे साधारण शंभरपट वेढे. पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीचा करंट सोडला की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र वाढत जातं. मग तो करंट एकदम तोडायचा. क्षेत्र कोसळतं, पहिल्या वेटोळ्यात तीन-चारशे व्होल्ट उसळतात आणि दुसऱ्यात तीस-चाळीस हजारांपर्यंत मजल जाऊ शकते. एवढ्या दाबाने प्लगच्या फटीतलं हवा-पेट्रोलचं मिश्रण भेदलं जातं आणि ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी करंट सोडताना पडत नाही, तोडताना पडते. पुढचं निम्मं निदान याच एका गोष्टीवर उभं आहे.

ही पद्धत रूढ केली ती अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांच्या डेल्को कंपनीचं इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या त्याच तत्त्वावर धावल्या. आपली प्रीमियर पद्मिनीसुद्धा. गोल डब्याची कॉईल, डिस्ट्रिब्युटर, आणि करंट तोडायला पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे संपर्क. आता पॉइंटचं काम ट्रान्झिस्टर करतो, आणि तो ट्रान्झिस्टर नेमका कुठे बसलाय हे कस्टम गाडीत सगळ्यात आधी बघायचं. कॉईलला तीन किंवा चार पिना असतील तर तो बहुधा कॉईलच्या पोटातच असतो. तिला स्मार्ट कॉईल म्हणतात. अमेरिकेतले गाडी बांधणारे जीएमच्या एलएस इंजिनाच्या कॉईल सर्रास वापरतात, त्या अशाच चार पिनांच्या. दोनच पिना असतील तर ट्रान्झिस्टर बाहेर हवा, ईसीयूत किंवा वेगळ्या इग्नायटरमध्ये. दोन पिनांची कॉईल ईसीयूच्या नुसत्या सिग्नलच्या तारेला जोडली तर कॉईल राहते बाजूला, ईसीयूचंच दिवाळं निघतं.

आता करंट किती वेळ सोडायचा? त्या वेळेला ड्वेल म्हणतात, आणि कस्टम गाडीतल्या कॉईल सगळ्यात जास्त याच्यापायी जळतात. नळाखाली बादली लावल्यासारखं आहे: लवकर काढली तर अर्धी, भरल्यावरही तशीच ठेवली तर पाणी अंगणभर. कॉईलचा गाभा एकदा चुंबकीयदृष्ट्या भरला की पुढचा करंट ठिणगीच्या कामी येत नाही, नुसती उष्णता होते.

आकड्यांत बघू. समजा कॉईलचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) ४ मिलिहेन्री आणि पहिल्या वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम आहे. १२ व्होल्टवर ३ मिलिसेकंदांत करंट साधारण साडेसात अँपिअरपर्यंत चढतो आणि गाभ्यात ११० मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. स्टार्टर मारताना बॅटरी ९ व्होल्टवर उतरली तर तेवढ्याच वेळात करंट साडेपाचच्या आसपासच पोचतो. ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती साठ-पासष्टवर येते. सकाळी गाडी घ्यायला कुरकुर करते आणि दुपारी झटक्यात घेते, याचं कारण कधीकधी एवढंच असतं. म्हणून ईसीयूमध्ये व्होल्टेजनुसार ड्वेल बदलणारं कोष्टक असतं. ते कोष्टक दुसऱ्या कुठल्या तरी कॉईलचं, कुणाच्या तरी फाईलमधून जसंच्या तसं उचललेलं असलं, की नव्या कॉईलचे दिवस भरलेच.

आधी सिलिंडर शोधा

कॉईलला हात लावण्याआधी कुठला सिलिंडर झोपतोय ते काढायचं. मिसिंग आयडललाही येत असेल तर इंजिन आयडलवर ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढत जा. चालता सिलिंडर बंद केला की आरपीएम पडतो, आवाज बदलतो. आधीच मेलेला बंद केला तर काहीच फरक पडत नाही. ईसीयूचं आयडल कंट्रोल चालू असेल तर ते आरपीएम सावरून घेतं आणि आपल्याला चकवतं, म्हणून तेवढ्यापुरतं बंद ठेवा. पुष्कळ कस्टम गाड्यांना चार वेगळ्या नळ्यांचा एक्झॉस्ट हेडर असतो. त्यांना आणखी सोपं: थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात चारी नळ्यांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. इतरांपेक्षा बरीच थंड नळी म्हणजे आपलं गिऱ्हाईक.

इंजेक्टर काढायचा, कॉईल नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण चालू इंजिनवर प्लगकडे जाणारी हायटेन्शन वायर किंवा कॉईल उपसून ‘करंट येतोय का’ बघायची सवय अजून गेलेली नाही. जुन्या पॉइंटवाल्या कॉईलचा झटका माणूस हसून सोडायचा. आजच्या कॉईलचा तसा सोडता येत नाही, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने तर या सगळ्यापासून लांबच राहावं. शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉईलमधला दाब शिगेला पोचतो आणि आतल्या इन्सुलेशनमधूनच रस्ता काढतो. चांगली कॉईल तपासताना मारायची ही खात्रीची रीत आहे. इंजेक्टर चालू आणि ठिणगी बंद असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, तो खर्च वेगळा.

इथे एक सापळा आहे, त्यात ट्यूनिंग करणारेही अडकतात. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर पेट्रोल जळत नाही, तसा हवेतला ऑक्सिजनही जळत नाही. तो तसाच एक्झॉस्टमध्ये येतो. तिथे बसवलेला वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजनवर चालतो. तो दाखवतो ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लॅपटॉप घेऊन शेजारी बसलेला माणूस पेट्रोल वाढवतो. प्लग काळे होतात, मिसिंग वाढतं, सेन्सर आणखी लीन दाखवतो, पेट्रोल आणखी वाढतं. लोडवर अचानक लीन दिसलं आणि सोबत धक्के असले तर फ्युएल मॅपला, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या कोष्टकाला, हात लावायच्या आधी इग्निशन बघा.

सिलिंडर सापडला की अदलाबदल. तिसरा झोपत असेल तर तिसऱ्याची कॉईल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. फक्त कॉईल. प्लग, वायर, इंजेक्टर जिथल्या तिथे. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर उत्तर मिळतं पण कशाचं ते कळत नाही. मग गाडी पूर्ण तापवून त्याच चढावर न्या, कारण कॉईलचं इन्सुलेशन बऱ्याचदा गरम झाल्यावरच दगा देतं. मिसिंग पहिल्या सिलिंडरवर सरकलं तर कॉईल दोषी, किंवा तिच्याबरोबर हललेला तिचा, प्लगवर चढणारा रबरी बूट. तिसऱ्यावरच राहिलं तर कॉईलला क्लीन चिट, आता प्लग बदलून बघा, मग वायरिंग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन. दोन तोंडांची कॉईल असेल, म्हणजे एकच कॉईल पहिल्या-चौथ्याला आणि दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला, तर हिशोब आणखी सरळ. जोडीतले दोन्ही गेले तर कॉईल किंवा तिचा सिग्नल; एकच गेला तर आधी त्याची वायर आणि प्लग बघा.

फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या रेसिंग-गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ही चैन नाही. त्यांच्यातल्या कित्येक टीम केटीएम ३९० चं इंजिन घेतात आणि त्यात सिलिंडर एकच. अदलाबदल करायला शेजारीच नाही. त्यांनी तपासून ठेवलेली एक जादा कॉईल पेटीत बाळगावी.

आणि चारही सिलिंडर एकाच क्षणी गप्प होत असतील तर चार कॉईल एकदम गेल्या असं सहसा होत नाही. तिथे सामाईक फ्यूज, रिले, अर्थ किंवा क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्ट फिरून कुठे आहे ते ईसीयूला सांगणारा) बघा. ईसीयूच्या लॉगमध्ये सिंक तुटल्याची नोंद असेल तर ईसीयूलाच क्रँक कुठे आहे ते कळेनासं झालंय. त्यामागे कधीकधी रेझिस्टर नसलेले प्लग असतात, त्यांच्या विद्युत गोंगाटाने सेन्सरचा सिग्नल बिघडतो. एनजीकेच्या बीपीआर६ईएस या नंबरातला ‘आर’ रेझिस्टरचा असतो. स्वस्तात मिळाले म्हणून ‘आर’ नसलेले प्लग ईसीयूवाल्या इंजिनात घालू नयेत.

प्लस, अर्थ आणि हुकूम

कॉईलला जगायला तीन गोष्टी लागतात: भरपूर प्लस, पक्का अर्थ आणि वेळेवर मिळणारा हुकूम. कस्टम गाडीत या तिन्ही आपण स्वतः ओढलेल्या तारांतून येतात, म्हणून कॉईलवर आळ घेण्याआधी आपलंच काम तपासायचं.

प्लस तपासताना नुसता मीटर लावून ‘बारा व्होल्ट आहेत’ म्हणणं काही कामाचं नाही. करंट वाहत नसेल तर एका धाग्यावर तगलेली तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं कॉईलच्या प्लसच्या पिनवर ठेवा आणि इंजिन चालू असताना बघा. मध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असेल तर तार बारीक आहे, क्रिम्प ढिला आहे किंवा रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत. जुन्या इग्निशन स्विचमधून येणारी मूळ तार एका कॉईलसाठी होती, तिच्यावर आता चार कॉईल पोसल्या जातात. तिथे बॅटरीपासून वेगळी जाड तार, फ्यूज आणि रिले हवाच. जुन्या गाडीतल्या त्या तारेत कॉईलचा करंट कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर किंवा रेझिस्टन्सची वायर राहून गेली असेल तर तीही शोधून काढा.

अर्थचा तर स्वतंत्र पुराणग्रंथ होईल. नळ्यांची चॅसी हौसेने पावडर कोटिंग करून आणलेली असते, चकचकीत काळी, आणि अर्थची थिंबल बोल्टने त्या रंगावरच आवळलेली असते. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचाच थर. करंट जातो तो फक्त बोल्टच्या आट्यांतून, जसा जमेल तसा. पहिल्या पावसाळ्यापर्यंत निभतं, मग आट्यांत गंज चढला की मिसिंग सुरू. तेवढ्या जागेवर रंग घासून धातू उघडा करायचा, थिंबल आवळायची आणि वरून ग्रीस लावायचं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत जाड स्ट्रॅप लागतो. स्मार्ट कॉईलचा अर्थ थेट सिलिंडर हेडवर घ्यावा, कारण ठिणगीचा करंट प्लगमधून हेडमध्येच उतरतो आणि तिथूनच परततो. इंजिन चालू ठेवून कॉईलच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर तो अर्थ पुन्हा करा.

हुकूम बघायला ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, आता हातात मावणारे स्वस्त स्कोपही मिळतात. नसेल तर ५ व्होल्टच्या सिग्नलवर चालणाऱ्या स्मार्ट कॉईलसाठी एक एलईडी आणि हजार ओहमचा रेझिस्टर पुरतो. कॉईलचा कनेक्टर काढून सिग्नलची पिन आणि अर्थ यांच्यात तो लावा, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा आणि स्टार्टर मारा. एलईडी लुकलुकला तर ईसीयूकडून सिग्नल येतोय. नुसतीच चावी फिरवल्यावर एलईडी सतत पेटून राहिला तर थांबा, त्याबद्दल खाली.

कॉईलकडे बघताना

दोन पिनांच्या कॉईलचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. ईसीयूवर चालणाऱ्या कॉईलमध्ये पहिलं वेटोळं बहुधा एक ओहमच्या आतबाहेर, दुसरं काही हजार ओहम. जुन्या डब्याच्या, बॅलास्ट नसलेल्या कॉईलचं पहिलं वेटोळं तीनच्या आसपास. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, कारण इतक्या कमी रोधात तारांचा रोधही मोजला जातो. स्मार्ट कॉईलमध्ये मध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथे या मोजण्याला फारसा अर्थ नाही.

आकडा चुकीचा आला तर कॉईल नक्की गेली. बरोबर आला तर काहीही सिद्ध होत नाही. मीटर काही व्होल्टवर मोजतो, कॉईल तीस हजारांवर फुटते. प्लग बाहेर काढून हवेत पाडलेल्या ठिणगीचंही तेच. हवेत फट ओलांडायला जेवढा दाब लागतो त्याच्या कितीतरी पट सिलिंडरमधल्या दाबाखाली लागतो. म्हणून आयडलला ठीक आणि चढाला धक्के. टर्बो बसवलेल्या गाडीत तर आणखी, म्हणून तिथे प्लगची फट ०.६-०.७ मिलिमीटरवर आणतात. फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या आणि मोठ्या फटीवर ठिणगी उडते का ते बघा.

त्यापेक्षा स्वस्त साधन म्हणजे डोळे. प्लग काढा आणि पांढऱ्या पोर्सिलेनवर बॅटरीचा उजेड तिरका टाका. वरच्या धातूच्या टोकापासून खाली षटकोनाकडे जाणारी, पेन्सिलने ओढावी तशी करडी बारीक रेघ दिसली तर तो कार्बन ट्रॅक. ठिणगी फटीत न पडता त्या रेघेवरून पळतेय. बूट उलटा करून आत बघा, त्याच जागी तशीच रेघ किंवा टाचणीएवढं जळकं भोक सापडेल. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे, नाहीतर जुन्या बुटाची रेघ नव्या प्लगवर उमटते. प्लगच्या विहिरीत तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदला, तेलाने बुटाचं रबर फुगतं आणि सैल पडतं. काळोखात, इंजिन चालू ठेवून, हायटेन्शन वायर आणि कॉईलवर पाण्याचा बारीक फवारा लांबून मारला तर निळ्या ठिणग्या कुठून गळताहेत ते दिसतं. हात मात्र लांब.

घालवणारे कोण

ड्वेल झाला. दुसरा, आणि सगळ्यात झटपट मारणारा, म्हणजे ईसीयूमधल्या स्पार्क आउटपुटची उलटी दिशा. सिग्नल वर गेल्यावर कॉईल भरायची की खाली आल्यावर, हे सेटिंग बहुतेक स्टँडअलोन ईसीयूत असतं. ते उलटं पडलं तर कॉईल आराम करायच्या वेळात भरत राहते. इंजिन बंद, चावी चालू, तरी सिग्नल चढलेलाच. वरच्या उदाहरणातल्या कॉईलमधून हिशोबाने २४ अँपिअर जायला बघतात. एक तर फ्यूज उडतो, नाहीतर कॉईलच्या फुटीतून राळ बाहेर येते. तपासणी अगदी साधी आहे: चावी चालू करा, इंजिन सुरू करू नका, अर्ध्या मिनिटाने कॉईलला बोट लावा. कोमट लागली तरी चावी बंद करून आधी ते सेटिंग बघा. इंजिन चालूच झालेलं नसताना कॉईल गरम व्हायचं कारण बहुधा हेच असतं.

तिसरा लपून बसणारा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात ६,००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला ५० ठिणग्या लागतात, म्हणजे दर २० मिलिसेकंदांना एक. ड्वेल ३ मिलिसेकंद असेल तर कॉईल १५ टक्के वेळ काम करते, ८५ टक्के वेळ गार होते. पण ईसीयूला कॅम सेन्सरचा सिग्नल मिळत नसेल तर कुठला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे ते त्याला कळत नाही. मग तो क्रँकच्या प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतो, त्यातली एक वाया. याला वेस्टेड स्पार्क म्हणतात. गाडी त्यावर उत्तम चालते, म्हणून कुणाला शंका येत नाही. कॉईलची मेहनत मात्र दुप्पट झाली, ३० टक्के वेळ काम. प्लगच्या डोक्यावर बसणारी सडपातळ कॉईल, खाली तापलेलं हेड आणि वर दिसायला छान म्हणून लावलेलं कव्हर, हवा खेळायला जागा नाही. असल्या कॉईल उन्हाळ्यात एकामागोमाग एक जातात आणि दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो. डुप्लिकेट माल असतोच, पण कॅम सेन्सर जोडून सिक्वेन्शियल, म्हणजे ज्याची पाळी त्यालाच ठिणगी, असं करून बघायला काय हरकत आहे?

चौथा, झिजलेला प्लग. फट वाढत गेली की दर वेळी कॉईलला जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं आणि इन्सुलेशन थकत जातं. कॉईल बदलताना प्लग जुनेच ठेवणं ही काटकसर नाही.

आणखी एक चमत्कार. काही स्मार्ट कॉईल ड्वेल फार लांबला की स्वतःला वाचवायला आपणहून करंट तोडतात. करंट तुटला की ठिणगी पडते, हे वर आलंच. ती ठिणगी ईसीयूने ठरवलेल्या वेळेच्या आधी पडते, कधी खूप आधी. स्टार्टर मारताना इंजिन उलटा झटका देत असेल आणि टायमिंग तर बरोबर दिसत असेल, तर ड्वेल बघा.

नवी कॉईल घेताना तिचा पार्ट नंबर आणि उत्पादकाचा ड्वेलचा तक्ता मिळाल्याशिवाय घेऊ नका. तक्ता मिळत नसेल तर स्कोपला करंट क्लॅम्प लावून करंटची चढण बघा: आधी सरळ तिरकी रेघ, आणि गाभा भरला की ती एकदम उभी होते. ती वळते त्याच्या किंचित आधी ड्वेल संपायला हवा. रेघ सुरुवातीपासूनच उभी असेल तर आतले वेढे शॉर्ट आहेत, ती कॉईल दुकानदाराला परत. बॅटरी १४ व्होल्टवर असताना एकदा आणि चार्जर काढून, हेडलाइट लावून साडेअकरावर असताना एकदा, असं दोनदा मोजलं की ईसीयूतलं कोष्टक भरायला सुरुवात करता येते.